पाठीवरचं धुकं

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा आषाढ लागला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'वाफ, धूर, धुकं'. कुणी चहाच्या किटलीवर लिहिणार होतं, कुणी वाफेच्या इंजिनावर. माझ्या वाट्याला त्यांनी ई-सिगारेट ठेवली होती. "तिच्यात म्हणे ॲटमायझर नावाचा भाग असतो. शौकीन मंडळी तो घरी खोलतात, दुरुस्त करतात. त्यांना भेटा."

मी म्हटलं, बाई, त्या वस्तूवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. बनवणं, विकणं, जाहिरात करणं, सगळाच गुन्हा. तिचा मिस्त्री माझ्याशी कशाला बोलेल? तरी उत्सुकता म्हणून त्या ॲटमायझरची रचना समजून घेतली. कापसाची वात, वातीभोवती तारेचं वेटोळं, खाली बॅटरी. करंट गेला की तार तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते. त्याचे रोगही ठरलेले: स्क्रू ढिला होणं, तार नको तिथं टेकून शॉर्ट होणं, वात कोरडी पडणं आणि गळती. ही यादी ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं मी आधी कुठंतरी ऐकलंय.

ऐकलं होतं ते लोणीत. आंबेगाव तालुक्यातल्या या गावी, फवारणी पंपाच्या दुकानात. द्रवाचं धुकं करणारं यंत्र आमच्या भागात खिशात नसतं, पाठीवर असतं. बॅटरी, मोटर, नळी आणि टोकाला नोझल. रोग तेच: लूज, शॉर्ट, कोरडं, गळतं. संपादकबाईंना कळवलं, विषय तोच आहे, फक्त ॲटमायझर सोळा लिटरचा आहे.

लोणीची वाट

आंबेगाव तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला भीमाशंकरचं जंगल आणि डिंभ्याचं पाणी दिसतं. ते पश्चिमेला. पूर्वेला पारगावचा ऊस मागे पडला, धामणीचा खंडोबा ओलांडला, की माती फिकी होते आणि पाऊस हात आखडता घेतो. लोणी या कोरड्या पट्ट्यातलं. विहीर, बोअर आणि शेततळं यांच्या हिशेबावर इथं पीक ठरतं. मी गेलो तेव्हा श्रावण सरत आला होता. बाजरी पोटरीत होती, मूग निघत होता, कुठं झेंडू, कुठं खरिपाचा कांदा. हवा दमट, ढग नुसतेच वर लोंबकळलेले. कांद्यावर करपा यायला याहून चांगलं हवामान नाही. त्यामुळे दुकानासमोर पंपांची रांग होती.

दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. एका बाजूला पाणबुडी मोटारींचं रिवाइंडिंग, दुसऱ्या बाजूला पंप. भिंतीला नळ्या, पट्टे, लान्स टांगलेले. जमिनीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या टाक्या, आणि सगळ्यावर औषधाचा तो गोडसर, घशात उतरणारा वास. विषाला आपण औषध म्हणतो. वासाला मात्र ते नाव माहीत नसावं.

मिस्त्री पन्नाशीचे. नाव छापायचं नाही ही त्यांची एकच अट. "नाव टाकलं की लोक म्हणत्यात पैशे वाढवलं." हाताखाली एक पोरगं, बारावी झालेलं, कानात एकाच बाजूला इअरफोन. दुसरा कान पंपासाठी मोकळा ठेवायचा, हा दुकानाचा नियम.

आवाज येतो का?

पंप टेकवल्या टेकवल्या गिऱ्हाईक निदान सांगतं. "मोटर जळली." मिस्त्री ते ऐकूनच घेत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "आवाज येतो का?" दुसरा, "पाणी येतं का?" तिसरा, "जोर हाय का?" या तीन प्रश्नांत पंपाचे तीन भाग पडतात. आवाजच नसेल तर दोष विजेच्या बाजूला. आवाज आहे आणि पाणी नाही, तर दोष पाण्याच्या वाटेत. पाणी आहे आणि जोर नाही, तर कुठंही असू शकतो. तिथं खरं काम.

तासाभरात आलेल्या 'जळलेल्या' मोटारींपैकी एकही जळलेली निघाली नाही. पहिल्या पंपात बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. टाकीच्या झाकणातून पाझरलेलं औषध नेमकं खालच्या बॅटरीच्या कप्प्यात उतरतं, आणि वायरीच्या टोकाच्या लगाच्या सांध्यात बसून तांबं खातं. पोरानं लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, परत दाबून बसवला. पंप सुरू. दुसऱ्यात फ्यूज उडालेला. तिसऱ्यात फ्यूज नव्हताच, त्याच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली. ती पाहून मिस्त्री पहिल्यांदा चिडले. "फ्यूज बारका असतो ते उगं नाय. त्यानं मरायचं असतं. ह्यो मरत नाय म्हणून मग वायरिंग मरतं."

अशा वेळी ते वायर बोटानं चाचपत जातात. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली जिथं वायर मऊ लागते तिथं आतली तांब्याची तार कुजून तुटलेली असते. वरून अख्खी, आतून पोकळ. मीटरच्या बझरला ती कधी सापडते, कधी नाही. हलवली की टेकते, थांबली की सुटते. गिऱ्हाईक सांगतं, "रानात बंद पडतो, हितं चालतो." त्याचं उत्तर बहुतेकदा या मऊ जागेत असतं.

रिकाम्या पोटी सगळेच बारा व्होल्ट

दुकानात डिजिटल मल्टिमीटर आहे, पण मिस्त्रींचा विश्वास एका जुन्या बल्बवर. मोटरसायकलच्या हेडलाइटचा, बारा व्होल्टचा, दोन वायरी सोल्डर केलेला. मला त्यांनी प्रयोगच करून दाखवला. एका बॅटरीला मीटर लावलं: साडेबाराच्या आसपास. ठणठणीत. मग मीटर तसंच ठेवून बल्ब जोडला. बल्ब तांबडा झाला, पिवळा काही होईना, आणि मीटरचा आकडा साडेनवावर घसरला.

"रिकाम्या पोटी सगळेच पैलवान. वझं दिल्यावर कळतं."

या पंपांत बहुतेक शिसं-आम्लाची बंद बॅटरी असते, बारा व्होल्ट आणि आठ किंवा बारा अँपिअर-तासांची. भरलेली, विसावलेली बॅटरी पावणेतेराच्या जवळ दाखवते. काम करताना साडेदहाच्या खाली गेली की तिचं त्या दिवसाचं आयुष्य संपलं. तिथून पुढं चालवलं तर आतल्या पट्ट्यांवरचं शिशाचं सल्फेट कडक स्फटिक होऊन बसतं आणि चार्जरला दाद देत नाही. अर्धी रिकामी बॅटरी महिनोन् महिने कोपऱ्यात पडून राहिली तरी तेच होतं. म्हणून बॅटऱ्या हंगामात कमी मरतात, हंगाम संपल्यावर जास्त. कांदा निघतो, पंप छपराखाली टांगला जातो, उन्हाळाभर पत्रा तापतो, आणि मृगात उतरवला की बॅटरी दगड झालेली. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावली असती तर वाचली असती. हे मिस्त्री प्रत्येकाला सांगतात. ऐकणारा मान हलवतो आणि पुढच्या मृगात परत येतो.

आता लिथियमच्या बॅटऱ्याही येतात. हलक्या, पाठीला सुख. पण त्यांची भाषा वेगळी. तीन सेलची बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर चौदापर्यंत ढकलत राहतो. आतलं संरक्षण-सर्किट चांगलं असेल तर ते वाट बंद करतं, नसेल तर सेल फुगतो. पिन मात्र दोन्हींची सारखीच बसते. यंत्रं बनवणाऱ्यांनी माणसाच्या विसराळूपणावर इतका भरवसा का टाकावा, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. दुकानात त्यावर देशी उपाय आहे: लिथियमच्या चार्जरला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

एक चूक मात्र पंप हसत सोसतो. बॅटरी बदलताना लाल-काळी वायर उलट लागली तर मोटर उलटी फिरते, आणि तरीही पाणी तितकंच मारते. याचं कारण पुढं येईल. पण वेग कमी-जास्त करणारं बटण, त्यामागचं छोटं सर्किट, दिव्याचा मीटर, हे मात्र त्या क्षणात जातात.

वस्तीवरची वीज

दुपारी एक ताई आल्या. पंप डोक्यावर, चार्जर पिशवीत. "रातभर लावतीया भाऊ, तरी दोन टाक्यांत बसतो." मिस्त्रींनी बॅटरीला बल्ब लावला, बल्ब बरा पेटला. चार्जर तपासला, तोही बरा. मग त्यांनी विचारलं, "राहता कुठं? गावात का मळ्यात?" मळ्यात.

उत्तर तिथंच होतं. गावठाणाच्या फीडरला वीज बऱ्यापैकी सलग असते. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री, आठ तास. त्याच तारेवर असलेल्या वस्त्यांना उरलेल्या वेळात जी वीज मिळते ती बेताची. रात्रीच्या पाळीला सगळ्या मळ्यांतले पंप एकदम सुरू झाले की दिवा मिणमिणतो. तेव्हा चार्जरवरचा लाल दिवा पेटलेला दिसतो, पण बॅटरीत जायला हवं तेवढं काही जात नाही. ताईंची रात्र म्हणजे घड्याळातले दहा तास. बॅटरीच्या हिशेबात तीन-चार. त्यात त्यांचा पंप डबल मोटरचा. जोर दुप्पट म्हणून घेतलेला, भूकही दुप्पट. बारा व्होल्ट गुणिले आठ अँपिअर-तास म्हणजे ९६ वॅट-तास, याहून जास्त त्या डब्यात मावतच नाही.

मिस्त्रींनी काही विकलं नाही. चार्जर दिवसा, पाळी नसताना लावा म्हणाले, आणि शक्य असेल तर गावातल्या नातेवाइकाकडं. "भावजयीकडं लावीन," ताई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरून वाटलं की बॅटरीपेक्षा हे कनेक्शन अवघड आहे.

रात्रीच्या पाळीचा दुसरा अर्थ जुन्नर-आंबेगावात प्रत्येकाला ठाऊक आहे. पाणी धरायला उठलेल्या माणसाच्या हातातल्या बॅटरीच्या उजेडात बिबट्याचे डोळे चमकतात. दिवसा वीज द्या, ही मागणी इथं सोयीसाठी होत नाही.

मोटर फिरते, पाणी नाही

संध्याकाळकडं एक पंप पोटातून उघडला गेला तेव्हा मी पुढं सरकलो. मुठीत मावेल एवढी मोटर, तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं टोपण. टोपणाखाली रबरी पडद्याच्या दोन किंवा तीन वाट्या. मोटरच्या दांड्यावर मध्य सोडून बसवलेला बेअरिंग. तो फिरला की वाट्या आळीपाळीनं दाबल्या जातात. दाबली की पाणी पुढं, सुटली की मागून पाणी आत. प्रत्येक वाटीला दोन झडपा, एक आत येऊ देणारी, एक बाहेर जाऊ देणारी. दांडा डावीकडं फिरो की उजवीकडं, वाटीला फक्त दाबणं आणि सुटणं कळतं. उलट्या वायरीचं कोडं ते हेच.

या रचनेचा शत्रू एकच: कण. विहिरीच्या पाण्यातला वाळूचा एक कण झडपेत अडकला की ती मिटत नाही, पाणी पुढं जातं तेवढंच मागं येतं, मोटर नुसतीच घरघरते. टाकीच्या तोंडाशी जाळी असते ती याच्यासाठी. आणि घाईत भरताना हंड्याची धार बसत नाही म्हणून ती जाळी सर्वांत आधी काढून फेकली जाते. दुकानात आलेल्या टाक्यांची झाकणं मी उघडून पाहत होतो; जाळी दिसली की मला उगाच त्या मालकाविषयी आदर वाटायचा.

दुसरा शत्रू आपण स्वतः कालवतो. एका पंपाच्या झडपांवर खडूसारखा पांढरा थर होता. पोरानं नखानं खरवडला आणि मालकाला विचारलं, "आण्णा, कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट एकत्र मारलं का?" आण्णा गप्प. कॅल्शियम आणि बारा-एकसष्ट खतातलं फॉस्फेट पाण्यात भेटले की न विरघळणारा साका होतो, हे बारावीच्या रसायनशास्त्रात आहे. पोराला ते पुस्तकात भेटलं की पंपात, हे विचारायचं राहिलं. एका फेरीत दोन कामं उरकायची म्हणून चार पुड्या एकाच टाकीत पडतात. पिकाला अन्न मिळत नाही, नोझलला मात्र पोटभर मिळतं.

तिसरा प्रकार रबराचा. काही औषधं तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात, पाण्यात पडली की दुधासारखी होणारी. तो द्रावक साध्या रबराला फुगवतो. वायसर आपल्या खाचेत मावेनासा होतो, पडदा ढिला पडतो, मग फाटतो. आणि पडदा फाटला की पाणी मोटरमध्ये उतरतं, बेअरिंग गंजतो, कार्बन अडकतात. अशी मोटर सोडवून उलटी केली की तिच्या कानातून तांबूस पाणी येतं. ही मोटर खरोखर गेलेली असते. पण ती जळून गेली नाही, बुडून गेली. कारण होतं काम संपल्यावर टाकीत दोन लिटर साधं पाणी घालून एक मिनिट न चालवणं.

"टक-टक करतो, गचके खातो" ही आणखी एक तक्रार. नळी बंद केली की आत दाब वाढतो आणि एक छोटा स्विच मोटरचा करंट तोडतो, म्हणजे ट्रिगर सोडला की मोटर आपोआप थांबते. नोझल अर्धं तुंबलं तर दाब तसाच चढतो, स्विच तोडतो, दाब उतरतो, स्विच जोडतो: टक-टक. लोक स्विच बदलायला येतात. मिस्त्री नोझल काढून ठेवतात, पंप चालू करतात, आणि धार अखंड पडते. दहा सेकंदांचं निदान. याच्या उलटही असतं. ट्रिगर सोडल्यावरही मोटर थांबत नसेल तर कुठंतरी थेंब गळतोय. स्विचला दाब पुरेसा वाटत नाही. तो थेंब शोधायचा. बहुतेक वेळा तो गनच्या मुठीत, माणसाच्या तळहातावरच गळत असतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

स्टोव्हची पिन

मिस्त्रींच्या वडिलांचंही असंच दुकान होतं, पण त्यात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या यायच्या. ते म्हणाले आणि मला साखळी दिसली. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमाराला प्रायमस स्टोव्ह आणला, जर्मनीच्या माक्स ग्रेट्झ यांच्या नावावरून पेट्रोमॅक्स आली; दोन्हींत हवेचा दाब, पातळ इंधन, बारीक भोक, जोरात सुटणारी वाफ. चामड्याचा वायसर तेलात भिजवून फुलवायचा, आणि भोक तुंबलं की पिन मारायची. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या धरलेल्या, त्यांत एखादी फडफडायला लागली की खिशातून पिन काढून पुढं येणारा माणूस गावात मानाचा. त्या मानावरून खाली उतरून तो आता पंप दुरुस्त करतो, एवढंच.

पाठीवरचा पंप खरं तर द्राक्षांनी जन्माला घातला. फ्रान्समध्ये १८८५ मध्ये मिलार्डे यांनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण द्राक्षाच्या केवडा रोगावर चालतं हे मांडलं, आणि ते वेलीवर उडवायचं कशानं म्हणून वेर्मोरेलसारख्या कारखानदारांनी पाठीवरच्या टाक्या काढल्या. तांब्या-पितळेच्या, कारण मोरचूद लोखंड खातं. आपल्याकडं मालाडच्या अॅस्पी कारखान्यानं त्या घरोघर पोचवल्या. जुन्नरच्या द्राक्षपट्ट्यात जुनी माणसं आजही कुठल्याही कंपनीच्या पंपाला तेच नाव देतात. नारायणगावकडच्या बागांत मोरचूद-चुन्याचं मिश्रण नीट झालं की नाही हे तपासायची रीत मला फार आवडते: स्वच्छ विळ्याचं पातं त्यात क्षणभर बुडवायचं. पात्यावर तांबूस छटा चढली तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना आणखी घाला. प्रयोगशाळा नाही, मीटर नाही, विळा.

पण स्टोव्हची एक सवय पंपाला घातक ठरली, ती म्हणजे पिन. नोझल तुंबलं की रानात माणूस बाभळीचा काटा मोडतो, नाहीतर सेफ्टीपिन काढतो आणि भोकात फिरवतो. काही जण नोझल तोंडात धरून फुंकतात. फुंकणं हे विष चाटणं आहे, ते तर बंदच व्हायला हवं. पिनेचा तोटा मात्र लगेच दिसत नाही. नोझल उघडतं, फवारा सुरू होतो, काम मार्गी लागतं. भोक तेवढं केसभर मोठं झालेलं असतं. जुन्या दातघासणीनं पाण्यात धुतलं असतं तर तेवढंच काम झालं असतं.

चालू असलेला बिघाड

इथं मला या सगळ्या दुरुस्तीतली खरी गोम कळली. बंद पडलेला पंप फारसं नुकसान करत नाही. तो दुकानात येतो आणि शे-दोनशेत सुटतो. नुकसान करतो तो न बिघडल्यासारखा दिसणारा पंप.

मिस्त्रींकडं प्लॅस्टिकचा मापाचा मग आहे. नोझलखाली धरायचा, घड्याळ लावायचं, एक मिनिट. समजा नवं नोझल मिनिटाला सहाशे मिली पाणी देतं आणि झिजलेलं सातशे ऐंशी. सोळा लिटरची टाकी एका नोझलनं सत्तावीस मिनिटांत संपते, दुसऱ्यानं साडेवीस. माणूस त्याच चालीनं चालतो, म्हणजे जिथं दहा टाक्या लागायच्या तिथं तेरा. तीन टाक्यांचं औषध फुकट, पानांवरून ओघळून मातीत आणि तिथून विहिरीत. फवारणीशास्त्रात नियम आहे की नव्यापेक्षा दहा टक्के जास्त वाहू लागलं की नोझल बदलावं. पितळ मऊ, लवकर झिजतं. भुकटीची औषधं त्याला पॉलिश पेपरसारखी घासतात. पण शेतकऱ्याच्या डोळ्यांना उलटंच दिसतं. टाकी लवकर संपते, म्हणजे पंप भारी.

दुसरी गल्लत जोराची. जोर वाढवला की जास्त पडेल असं वाटतं. पण नोझलमधून दुप्पट पाणी काढायचं तर दाब चौपट लागतो. त्या जादा दाबाचं बरंचसं जातं ते थेंब बारीक करण्यात. थेंबाचा व्यास अर्धा केला की एका थेंबाचे आठ होतात. ऐकायला छान: जास्त थेंब, जास्त पानं. पण स्थिर हवेत दहा फुटांवरून ४०० मायक्रॉनचा थेंब दोनेक सेकंदांत जमिनीवर येतो, १०० चा दहा सेकंदांत, आणि २० मायक्रॉनचा चार मिनिटं तरंगत राहतो. चार मिनिटांत वारा त्याला शेजारच्या बांधावर नेतो. नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकात. ते धुकं उन्हात सुंदर दिसतं, त्यात इंद्रधनुष्यही पडतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयांत भरती झाले. कारणं एकात एक गुंतलेली होती: डोक्याएवढी वाढलेली कपाशी, कोंदट हवा, औषधांची मिश्रणं, अंगावर ना हातमोजे ना मास्क. त्या वेळी बारीक तुषार मारणाऱ्या बॅटरी पंपांवरही बोट ठेवलं गेलं. सगळा दोष यंत्रावर टाकणं सोयीचं होतं, हेही खरं. पण तळहातावर गळणारी गन आणि डोक्यावर तरंगणारं धुकं यांना निर्दोष म्हणता येणार नाही. लोणीत कांदा गुडघ्याखाली असतो, फवारा खाली जातो, म्हणून इथं ते संकट तितकं अंगावर येत नाही. मक्यात आणि वाढलेल्या टोमॅटोत येतं.

शेजारचं पाबळ

लोणीहून पुढं शिरूर तालुक्यातलं पाबळ लागतं. बहुतेकांना ते मस्तानीच्या कबरीसाठी माहीत. मी थांबलो ते विज्ञान आश्रमासाठी. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी या दुष्काळी गावात शाळा काढली, जिथं शाळेनं नाकारलेली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम हातानं करत शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या भूमीबाहेर उभ्या केलेल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक इथं आली. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे.

मला यातलं एकच सांगायचंय. या पट्ट्यात खोलून पाहणाऱ्या हाताला कमीपणा येत नाही, यात त्या शाळेचा वाटा असावा. आमच्याकडं यंत्र विकणारे गल्लोगल्ली आहेत. ड्रोनही आलेत, 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांना पंधरा हजार ड्रोन द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. फवारणीच्या काही ड्रोनांत फवारा मारायला फिरती तबकडी असते, तिचं नाव ॲटमायझरच. संपादकबाईंचा शब्द असा आकाशातून परत आला. ती तबकडी तुंबल्यावर लोणीच्या कुठल्या शेडमध्ये उघडली जाणार, याची तजवीज मात्र योजनेच्या कागदात शोधूनही मला दिसली नाही.

शेवटचं गिऱ्हाईक

दुकान मिटायच्या वेळी एक आजोबा आले. धोतर, डोक्याला मुंडासं, पाठीवर टू-इन-वन पंप, म्हणजे बॅटरीनंही चालणारा आणि दांड्यानंही. बॅटरी दगा देते म्हणून दांडा ठेवलेला, शहाणा माणूस. तक्रार किरकोळ होती, पट्ट्याची कडी तुटलेली. पोरानं कडी बसवली. मिस्त्रींनी सवयीनं मग धरला आणि घड्याळ पाहिलं. मग काठोकाठ भरला तेव्हा मिनिट संपायला बराच वेळ होता.

"बाबा, नोझल गेलं तुमचं."

"गेलं कुठं? फस्क्लास मारतंय."

नवं नोझल चहा-भजीच्या पैशात येतं. मिस्त्रींनी ते बसवून दाखवलं, मगात पाणी मोजून दाखवलं, तीन टाक्यांच्या औषधाचा हिशेब मांडला. आजोबांनी शांतपणे ऐकलं, लान्स हातात घेतला, फवारा मारून पाहिला आणि नाक मुरडलं. "ह्ये हळू मारतंय. दिवस जाईल माझा. जुनंच बशीव."

मिस्त्री काही बोलले नाहीत. टेबलावरचं जुनं पितळी नोझल त्यांनी ऐरणीवर ठेवलं, हातोड्याचा एक घाव घालून ते चपटं केलं, आणि आजोबांकडून नव्याचे पैसे घेतले नाहीत.